मातीच्या खोलीतले ‘ते’

घर थंड ठेवायला यंत्र लागत नाही, अक्कल लागते! हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की गल्लीतली माणसं मला लांबून बघूनच रस्ता बदलतात. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. तिथलं गिऱ्हाईक मात्र माझ्या तावडीतून सुटत नाही. त्याची हनुवटी यंत्रावर टेकलेली असते, पळणार कुठे? ‘खालची ओळ वाचा’ म्हणता म्हणता मी त्याला सिमेंटचे तोटे सांगून मोकळी होते.

तर आमच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक अडगळीची खोली होती. उन्हाळ्यात ती अशी तापायची, की आत ठेवलेल्या मेणबत्त्या उभ्या जागी माना टाकायच्या. सासूबाई दिराकडून आमच्याकडे कायमच्या राहायला येणार होत्या. मी ठरवलं, ही खोली पाडायची आणि तिथे त्यांच्यासाठी नवी बांधायची. पण कसली? मातीची! पेंढ्याचे गठ्ठे रचून जाडजूड भिंती, त्यांवर मातीचा गिलावा, खाली जुन्या इमारतीतून निघालेल्या लाकडी फळ्या. वीट नाही, सिमेंट नाही, एसी तर नाहीच नाही!

नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा तडा गेलेल्या फरशीसारखा झाला. साहजिकच आहे. तो टाइल्सच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे.

“अगं, माणसं आईला सुखात ठेवतात,” तो म्हणाला, “आणि तू माझ्या आईला जिवंतपणी मातीत घालतेस?”

“सिमेंटची भिंत मेलेली असते,” मी पर्यावरणपूरक बांधकामाच्या शिबिरात शिकलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. “मातीची भिंत जिवंत असते. ती श्वास घेते!”

बोलायला काय जातं!

माझ्या योजनेतला हुकमाचा एक्का होता पाइप. त्याचं एक तोंड पुढच्या अंगणात, नळाजवळ. तिथून हवा आत शिरणार, जमिनीखालून लांबचा प्रवास करणार, मातीच्या गारव्यात निवणार आणि सासूबाईंच्या खोलीत जमिनीलगतच्या जाळीतून बाहेर पडणार. काम चालू असताना बघ्यांची ही गर्दी! मी त्यांना व्याख्यान देत होते, गवंडी मध्येच येऊन काहीबाही विचारत होता आणि मी “हो हो, करा तसं” म्हणत होते. शेवटचा पांढऱ्या मातीचा हात तेवढा राहिला आणि गवंडी गावी गेला. ती पांढरी माती नवऱ्याच्या शोरूममधून आलेल्या एका तडकलेल्या टबमध्ये, मागच्या दाराशी भिजत पडली.

सासूबाई राहायला आल्या. खोली बघून म्हणाल्या, “छान आहे. खिडकीतून झाडं दिसतात.” झालं. मी तर सत्काराची तयारी करून उभी होते!

पण खरं सांगू का, पहिल्याच दिवशी मला त्या खोलीत कसंतरी झालं. दार लावलं की बाहेरचे सगळे आवाज कोणी तोडून टाकल्यासारखे थांबायचे. रस्ता नाही, पाखरं नाहीत, शेजारचा रेडिओ नाही. मोठ्या रांजणात बसवून वरून झाकण लावावं तसं. आपलंच गिळणं आपल्याला ऐकू यायचं. आणि मग खालच्या जाळीतून गार हवा यायची, ती सरळ नाही यायची. थोडी यायची, थांबायची. पुन्हा यायची. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

“बघ, श्वास घेते की नाही?” मी नवऱ्याला म्हटलं.

“हो,” तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला.

मग भिंतीला केस आले.

थट्टा नाही! एका सकाळी सासूबाईंच्या पलंगामागच्या कोपऱ्यात फिकट, ओलसर, बोटभर लांब केस. नवऱ्याने हात लावला आणि असा ओरडला, की समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली गेला. पेंढ्यात राहिलेलं धान्य ओल्या गिलाव्यात रुजलं होतं, एवढंच. मी कात्री घेऊन भिंतीची हजामत केली. दोन दिवसांत पुन्हा तेवढेच!

त्यानंतर कान आले. छताजवळ, ओळीने. तपकिरी, मऊ, अगदी पाळीसकट. अळंबी हो, दुसरं काय असणार! पण भिंतीलाही कान असतात ही म्हण आपल्याच घरात उगवलेली बघणं वेगळं. नवरा त्या खोलीत कुजबुजत बोलायला लागला. सासूबाई मात्र निवांत. म्हणाल्या, “माझा एक कान गेला, तिला मेलीला एवढे फुटले!” त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.

कान आले, केस आले. राहिलं होतं ते तोंड.

एकदा दिवेलागणीच्या वेळी मी त्या खोलीत एकटीच कपड्यांच्या घड्या करत होते. सासूबाई पुढच्या व्हरांड्यात. खिडकीतला उजेड विझत आलेला. हवा आली, थांबली. आली, थांबली. आणि मग आली ती शब्द घेऊनच आली.

“आत... गार आहे ना गं?”

पुरुषाचा आवाज. घोगरा, दमलेला, खोल विहिरीच्या तळातून यावा तसा. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मानेवरचा घाम गार झाला. मी हळूच वळून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. भिंतीवरचे कान तेवढे माझ्याकडे वळल्यासारखे दिसले.

“बोल ना,” भिंत म्हणाली. “रागावलीस का?”

मी घड्या तशाच टाकून पळाले. उंबऱ्यात अडखळले, चप्पल एक तिथे, एक इथे. नवरा चहा पीत होता.

“भिंत बोलली!”

“काय म्हणाली?”

“गार आहे का विचारलं.”

नवऱ्याने शांतपणे कप खाली ठेवला. “तुझ्या पाइपातून येत असेल कोणाचा तरी आवाज. रस्त्यावरचं कोणी नळाजवळ उभं राहून बोलत असेल.”

एवढं साधं मला सुचू नये? मला स्वतःचाच राग आला. आम्ही दोघं टॉर्च घेऊन अंगणात गेलो. नळाजवळ बसून माती चाचपली, कुंड्या हलवल्या, पालापाचोळा उपसला.

पाइपाचं तोंड तिथे नव्हतंच.

नुसती माती होती. घट्ट, जुनी, कोणी कधी न उकरलेली.

“मग आत हवा कुठून येते?” नवरा म्हणाला.

गवंड्याला फोन लावला, तो बंद. आम्ही घरात आलो ते एकमेकांचा हात धरून. लग्नानंतर पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने धीर केला. म्हणाला, मी स्वतः ऐकल्याशिवाय मानणार नाही. दिवेलागणीला तो जाळीसमोर स्टूल टाकून बसला. मी दाराबाहेर, एक पाय पळायच्या तयारीत. बराच वेळ काही नाही. मग तोच उसासा.

“मुलगा अजिबात ऐकत नाही,” भिंत म्हणाली. “नुसता टोलवाटोलवी करतो. एकदा चांगला फैलावर घ्यायला पाहिजे त्याला.”

नवरा ताडकन उठून सावधान उभा राहिला! त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, शाळेत मुख्याध्यापक होते. घरातसुद्धा घंटा झाल्याशिवाय कोणी हसायचं नाही असा दरारा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा नवरा अजून स्वप्नात गृहपाठ राहिला म्हणून रडतो.

“बाबा आहेत,” तो बाहेर येऊन म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. “आवाज बदललाय, पण बाबाच. ‘फैलावर घेतो’ हे त्यांचंच.”

“अरे, असं काही नसतं!”

“तूच म्हणालीस ना, भिंत जिवंत आहे?”

माझंच वाक्य माझ्याच गळ्यात आलं होतं.

त्या दिवसापासून नवरा भांग पाडून मगच त्या खोलीत जाऊ लागला. शर्टाची वरची गुंडी लावून. आम्ही सासूबाईंना काही सांगायचं नाही असं ठरवलं. उगीच म्हातारं माणूस धसका घेईल! आडून आडून विचारायचं फक्त.

“आई, त्या खोलीत काही त्रास नाही ना?” मी विचारलं.

“त्रास कसला? उलट करमतं. ते असतात ना बोलायला.”

“ते?”

“हो. रोज संध्याकाळी चौकशी करतात. गार आहे का, जेवलीस का. जरा सलगीने बोलतात, पण या वयात आता कोण हिशेब ठेवतं!”

“आई, ते म्हणजे... नक्की...?”

“आता नाव कुठून सांगू मी?” सासूबाई वैतागल्या. “ते म्हणजे ते!”

त्यांच्या पिढीतल्या बाईने ‘ते’ म्हटलं की जगात एकच माणूस उरतो. आणि तो माणूस फोटोत होता! मी बाहेर आले. नवरा दाराला कान लावूनच उभा होता. आम्ही दोघंही स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो, ओट्याला पाठ लावून. सासूबाई भिंतीशी बोलत होत्या, भिंत त्यांच्याशी बोलत होती, आणि या सगळ्यात घाबरलेले आम्ही दोघंच होतो.

पुढच्या काही संध्याकाळी मी बंद दाराबाहेरून ऐकलं. आतून सासूबाईंचा आवाज यायचा. “अहो, खोकला बरा आहे का?” “अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका.” मग घोगरी कुजबुज, शब्द न कळणारी. मग सासूबाईंचं हसणं. सासरे असताना त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि नेमकं तेच ऐकून मी दारापासून दोन पावलं मागे सरायचे.

याच सुमारास शेजारचे काका आले. मागच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. आयुष्यभर बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. काकू गेल्यापासून कोणात मिसळत नसत, कुंपणावरून मान हलवण्यापुरती आमची ओळख. पण त्या दिवशी ते स्वतःहून आले, हातात ड्रिल मशीन आणि अवजारांची पेटी.

“हे तुम्हाला ठेवा,” नवऱ्याला म्हणाले. “मला आता लागणार नाही.”

“का हो काका, कुठे निघालात?”

“जायचंच होतं कधीतरी. आता बोलावणं आलंय.” काका हसले. चेहरा एकदम उजळलेला. “शिडीसुद्धा घेऊन जा उद्या.”

“मुलाकडे चाललेले दिसतात,” ते गेल्यावर मी म्हटलं.

“असतील,” नवरा म्हणाला. त्याचं लक्ष ड्रिलकडे होतं. जर्मन होतं!

आता ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून घरी आले, तर सासूबाई ठेवणीतली साडी नेसून खोलीत बसलेल्या. टेबलावर चांगले कप. दोन.

“आई, कोणी येणार आहे का?”

“ते येणार आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “किती दिवस नुसतं लांबून बोलायचं? परवा म्हटलं, या आता. मी वाट बघते. किती भरून आलं त्यांना!”

“कुठून येणार?”

“मागच्या दाराने. तिथून जवळ पडेल ना.”

नवरा नुकताच आला होता. त्याने हे ऐकलं, बाथरूममध्ये गेला आणि दात घासून आला. वडील येणार म्हणून! मी देव्हाऱ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाहेर दिवस मावळला होता, पण दिवे लागले नव्हते. सगळं राखाडी. वारा पडलेला. सासूबाईंनी उठून मागचं दार सताड उघडलं, दिवा लावला आणि जाळीच्या बाजूला वळून हाक मारली, “अहो! येताय ना? चहा निवतोय!”

जाळी गप्प. श्वाससुद्धा बंद. मग जमिनीखालून, अगदी जवळून, तो आवाज आला.

“आलो गं. आलोच.”

बाहेर पानं खसफसली. काहीतरी ओढल्यासारखा आवाज. मग ‘धप्प!’ मग बुडबुडे. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला, की बोटं उमटली. आणि दाराच्या चौकटीत एक आकृती उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. केस पांढरे, चेहरा पांढरा, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. अंगावरून पांढरं पाणी ठिबकत होतं. आकृतीने दोन्ही हात पुढे केले.

“पोचलो का मी?” ती म्हणाली.

“बाबा, मी पास झालोय!” नवरा किंचाळला आणि माझ्या मागे लपला.

सासूबाईंनी आकृतीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “पोचलात,” म्हणाल्या, “पण आधी पाय पुसा!”

आकृतीने डोळे चोळले. पांढऱ्यातून एक नाक बाहेर आलं. ओळखीचं नाक.

“काका?” मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. “तुम्हीही आलात? दोघंही? कसे काय गेलात एकदम?”

“आम्ही कुठे गेलो? आम्ही घरीच आहोत! तुम्ही आमच्या टबात पडलात!”

काका खाली बसले, म्हणजे कोसळलेच. नवऱ्याने शेवटी माणूस जिवंत आहे याची खात्री करून त्यांना धरलं, मी टॉवेल आणला. पांढऱ्या मातीखालून काकांचा कोट निघाला. लग्नातला असावा.

“छातीत दुखतंय का? काही गोळी घेता का तुम्ही?” मी विचारलं.

“बंद केली. परवापासून.”

“का?”

काकांनी सासूबाईंकडे बोट केलं. “ती म्हणाली, या आता. मी वाट बघते. मग गोळ्या कशाला घेऊ?”

“मी?” सासूबाई कडाडल्या. “मी चहाला बोलावलं होतं!”

खोलीत असं काही शांत झालं, की भिंतीवरची एक अळंबी गळून फळीवर पडली तेही ऐकू आलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांनी काकूंची जाई कुंपणाशी लावली होती. रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर बसून ते काकूंशी बोलायचे, स्वतःच्या मुलाच्या तक्रारी सांगायचे. नुसतं आपलं, मनाला बरं वाटावं म्हणून. आणि एके दिवशी वेलाच्या मुळातून, जमिनीतून उत्तर आलं, “हो, छान गार आहे. अहो, तुम्ही कसे आहात?” त्या संध्याकाळी हाक आली आणि वेलापलीकडे उजेड दिसला, तसे ते कुंपण ओलांडून उजेडाकडे निघाले होते. आम्ही टॉर्च घेऊन गेलो. जाईच्या आड, आमच्या बाजूने, जाळी लावलेलं पाइपाचं तोंड आ वासून होतं. नळाकडे जाताना खाली कातळ लागला म्हणून गवंड्याने पाइप कुंपणाकडे वळवला होता. मला विचारून! मी “हो हो, करा तसं” म्हटलं होतं.

“पण आई, तुम्हाला कळलं नाही का आवाज जमिनीतून येतोय ते?” नवऱ्याने विचारलं.

“अरे, एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो ते कधी कळतं का? मला खिडकीतून यांची टोपी दिसायची. मला वाटलं, कुंपणावरून माझीच चौकशी करतायत.”

“आणि तुम्ही ‘ते’ म्हणायचात!”

“मग काय म्हणू? नाव कुठे माहीत आहे मला त्यांचं!”

काका टॉवेलने एकच गाल पुन्हा पुन्हा पुसत होते. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे ती नव्हती.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड माझ्या पाइपाने दिला होता आणि माझ्या टबाने काढून घेतला होता.

सासूबाईंनी चहा पुढे केला. “मलाही वाटलं होतं हो,” त्या म्हणाल्या, “की कोणीतरी मला विचारतंय. जेवलीस का म्हणून. आमच्या घरात मुलांना पाढे विचारायचे, बायकोला काही विचारायची पद्धत नव्हती.” नवऱ्याने मान खाली घातली. “म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच. फसवणूक दोघांचीही झाली. आता चहा घ्या आणि ती गोळी घ्या. नाहीतर तुमची बायको मला तिथे जाब विचारेल.”

काकांनी कप घेतला. नवरा कुंपण ओलांडून गोळ्या घेऊन आला. डॉक्टरही येऊन गेले, रागावून गेले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाइपात सिमेंट भरायचं ठरवलं. सिमेंट! माझ्या घरात! पण त्याला अडवलं मी नाही. सासूबाई जाळीसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि पलीकडे काका बाकावर. दोघंही हटायला तयार नाहीत. ड्रिल आणि शिडी मात्र परत करावी लागली. नवरा अजून हळहळतो.

त्यानंतर खोलीची कीर्ती झाली. केस वाळून गळाले, कान मी खरवडून काढले, पांढऱ्या मातीचा हातही झाला. माझ्या शिबिरातले लोक खास खोली बघायला आले, संचालिकाबाईंसकट. माझ्या आयुष्यातला मोठा दिवस! सासूबाई पलंगावर बसलेल्या, पाहुणे वह्या उघडून उभे.

“डोळे मिटा,” मी म्हटलं. “बोलू नका. फक्त ऐका. मातीच्या भिंतीला स्वतःची एक भाषा असते.”

सगळ्यांनी डोळे मिटले. खोली रांजणासारखी शांत. गार हवेची झुळूक आली. संचालिकाबाईंच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. आणि भिंत बोलली.

“काय हो, आज पोट साफ झालं का?”

“कुठलं!” सासूबाई पलंगावरून ओरडल्या. “तुमच्या त्या चूर्णाने काही होत नाही!”

“कोमट पाण्यातून घ्या म्हटलं होतं!”

पाहुणे निघाले तेव्हा मी दारात उभी राहून प्रश्नांची वाट बघत होते. गिलाव्याबद्दल, पेंढ्याबद्दल, निदान पाइपाबद्दल तरी. कोणी काही विचारलं नाही. संचालिकाबाई मात्र चपला घालता घालता थांबल्या, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “ते चूर्ण कुठलं, तेवढं विचारून सांगाल का?”